आई दुसरं लग्न करून मुलीला कॅनडाला नेतेय, बापाच्या हातात नेमकं काय असतं?

विट्याकडच्या एका दादांचा प्रश्न आलाय. २०२१ ला सांगली कोर्टातून परस्पर संमतीनं घटस्फोट झाला, मुलगी तेव्हा ४ वर्षांची, आता ८ ची आहे. कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी कोर्टात लिहून दिलेल्या अटींमध्ये) ताबा आईकडं, दादांनी महिन्यातून दोन रविवारी भेटायचं असं ठरलेलं. दादांचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान, आई मुलीला घेऊन सांगलीतच विश्रामबागला माहेरी असते. आता तिचं लग्न ठरलंय टोरांटोतल्या एका मुलाशी आणि पोरगी पण तिकडं जाणार म्हणतायत. दादा विचारतायत की नेणं थांबवता येईल का, आई दुसरं लग्न करतेय म्हणून ताबा मला मिळेल का, आणि सावत्र बापाचं नाव पोरीला लागेल का. आणि शेवटी लिहिलंय की घरचे म्हणतात कोर्टकचेरी राहूदे, शाळेतनं पोरीला उचलून गावाला आण.

शेवटापासून सुरू करते, कारण ते केलंत तर बाकीचं काय विचारायलाच नको. कोर्टाची ऑर्डर असताना मुलीला परस्पर नेलंत तर कोर्टाचा अवमान, वर समोरची बाजू थेट हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलीला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज टाकणार, आणि आता त्यासाठी मुंबईला जायची पण गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली सातारा दोन्ही त्यातच येतात. दोन दिवसात पोरगी परत आईकडं जाईल आणि तुमच्या फायलीत कायमचं लिहिलं जाईल की हा माणूस मुलीला पळवून नेतो. त्यानंतर भेटीचे तास वाढवून मागायला कुठल्या तोंडानं उभं राहणार? सल्ला देणारे घरचे त्या दिवशी तुमच्यासोबत सांगलीच्या विजयनगरला कोर्टात येत नाहीत हे पण लक्षात ठेवा.

आता दुसऱ्या लग्नाचं. बघा दादा, आईनं दुसरं लग्न केलं एवढ्यावरनं कोर्ट ताबा काढून घेत नाही, आणि बापानं केलं तरी घेत नाही. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६ चं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर, आईबापाचा हक्क त्याच्या खाली. त्यामुळं अर्जात "तिनं दुसरं लग्न केलं" हे पहिलं वाक्य घातलंत की जजसाहेब वाचतावाचता तुमच्याबद्दल मत बनवून टाकतात, की याचा राग लग्नावर आहे. मी तर अशिलाला सांगते की लग्नाचा उल्लेख फक्त एक घडलेली गोष्ट म्हणून करायचा, आरोप म्हणून नाही. हां, नवीन घरात मुलीला त्रास आहे, मारहाण आहे, व्यसन आहे असं ठोस काही असेल तर वेगळं, पण ते पुराव्यासकट. टोरांटोच्या त्या मुलाबद्दल तुम्हाला माहिती काय आहे? नाव आणि नोकरी. मग त्याच्यावर चिखल उडवून उपयोग नाही, उलट त्याचं इमिग्रेशन स्टेटस काय, घर कुठं, मुलगी कुठल्या शाळेत जाणार, हे सगळं कोर्टासमोर ठेवायला लावा. हे विचारायचा तुमचा पूर्ण हक्क आहे आणि कोर्टाला पण ते ऐकायचं असतं.

आणि एक दिलासा, १९५६ च्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की नैसर्गिक पालक म्हणताना त्यात सावत्र बाप किंवा सावत्र आई येत नाही. तिचं लग्न झालं म्हणून तो माणूस तुमच्या मुलीचा पालक होत नाही, आणि तुमचं पालकत्व संपत नाही.

खरा प्रश्न परदेशाचा आहे आणि तिथंच तुमच्या केसमध्ये जीव आहे. पण तिथं पण आधीच सांगते, "नेऊच देऊ नका" हे मागणं आपल्याकडं टिकणं अवघड. २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, विक्रम वीर व्होरा विरुद्ध शालिनी भल्ला, तुमच्यासारखाच परस्पर संमतीचा घटस्फोट, आईला मुलाला ऑस्ट्रेलियाला न्यायचं होतं, बापाचं म्हणणं की ठरलेल्या अटी आता बदलता येत नाहीत. कोर्टानं सांगितलं की ताब्याच्या ऑर्डरी कधी कायमच्या नसतात, मुलाच्या गरजेप्रमाणं बदलतात, आणि आईला परवानगी दिली. जुलै २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं पुण्यात नोकरी करणाऱ्या एका आईला ९ वर्षांच्या मुलीला घेऊन पोलंडला जायला परवानगी दिली, बाप म्हणत होता तिकडं शेजारी रशिया-युक्रेनचं युद्ध चाललंय, तरी दिली. त्या केसमध्ये नोकरीची संधी होती, तुमच्या केसमध्ये लग्न आहे, एवढा फरक तुमच्या वकिलानं जरूर मांडावा, पण मुलगी लहानपणापासून जिच्याजवळ वाढली तिच्यापासून तोडायची का, हा प्रश्न दोन्हीकडं तोच राहतो.

पण "ताब्याची ऑर्डर बदलता येते" हे वाक्य तुमच्या बाजूनं पण तेवढंच चालतं. ती बदल मागू शकते तर तुम्ही पण मागू शकता. म्हणून मी सांगतेय की थांबवायला जाऊ नका, अटी घालून घ्यायला जा, आणि मुलगी इथं असताना जा.

घाई कशाला म्हणाल तर कारण साधं आहे. तुमच्या कन्सेंट टर्म्स काढून बघा, त्यात "कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला देशाबाहेर नेणार नाही" असं वाक्य आहे का? बहुतेक नसणार, २०२१ ला दोघांना लवकर मोकळं व्हायचं होतं. पालक व पाल्य कायदा १८९० च्या कलम २६ मध्ये परवानगीशिवाय हद्दीबाहेर न्यायला बंदी आहे, पण ती कोर्टानं नेमलेल्या पालकाला, नुसता संमतीनं ताबा मिळालेल्या आईला ती आपोआप लागत नाही. विमानतळावर इमिग्रेशनवाले "वडिलांची एनओसी कुठाय" असं सहसा विचारत नाहीत. आणि १९८० चं हेग कन्व्हेन्शन, ज्याच्यामुळं एका देशातनं दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत आणता येतं, त्यात कॅनडा आहे, भारत नाही. म्हणजे एकदा विमान उडालं की तुम्हाला टोरांटोत वकील लावावा लागेल, आणि विट्याच्या माणसाला त्या वकिलाची फी ऐकूनच घाम फुटेल.

तर आत्ता करायचं काय. ज्या कोर्टानं घटस्फोट दिला त्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करा, घटस्फोटाची डिक्री (अंतिम हुकूम) झाल्यावर पण तो चालतो. मुख्य अर्जात भेटीच्या आणि संपर्काच्या अटी बदलून मागा, आणि सोबत अंतरिम अर्ज, की मुख्य अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलीला कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ नये, पासपोर्ट असेल तर कोर्टात जमा करावा, नसेल तर काढताना कोर्टाला कळवावं. ती आधीच परवानगीचा अर्ज टाकेल अशी शंका असेल तर कॅव्हेट पण टाकून ठेवा, ९० दिवस चालतं, म्हणजे तुम्हाला न ऐकता ऑर्डर होत नाही. तमिळनाडूत अर्ज करायचा विचार असेल तर सोडून द्या, मुलगी जिथं राहते तिथलंच कोर्ट.

पासपोर्टचं लोकांना फार चुकीचं माहिती असतं. बापाची सही नसेल तर मुलाचा पासपोर्ट निघतच नाही असं नाही, दोघांची संमती असली तर ॲनेक्शर डी हा फॉर्म, एकाची नसली तर ॲनेक्शर सी भरून एकट्या पालकाला अर्ज करता येतो. तुम्ही पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसला साधं पत्र पाठवलंत तर त्याला फारसं वजन नसतं, वजन कोर्टाच्या ऑर्डरला. अंतरिम ऑर्डर मिळाली की सर्टिफाइड कॉपी त्याच दिवशी मागा आणि पासपोर्ट ऑफिसला पोच घेऊन द्या. इमिग्रेशनला कळवायचे आदेश पण कोर्टाकडूनच मागून घ्यायचे.

पासपोर्टपेक्षा मोठं दार व्हिसाचं आहे. कॅनडात मुलाला कायमचं न्यायचं असेल तर सोबत न येणाऱ्या पालकाच्या संमतीचा फॉर्म मागतात, आयएमएम ५६०४, आणि ती सही नसेल तर मग ताब्याची कोर्टाची कागदपत्रं दाखवावी लागतात. म्हणजे आज ना उद्या तिच्याकडनं कोणीतरी तुमच्याकडं सहीसाठी येणार. बहुतेक वेळा मामा येतो, गोड बोलतो, "दाजी, वर्षातनं दोनदा आणतो की पोरीला", आणि शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून आणलेली एनओसी पुढं करतो. तिथं नोटरीसमोर सही करू नका. सही द्यायचीच नाही असं मी म्हणत नाहीये, नुसतं खुन्नस म्हणून अडवून धरलंत तर कोर्ट तुमच्या संमतीच्या जागी स्वतःची परवानगी देऊन टाकतं आणि मग तुम्हाला बदल्यात काहीच मिळत नाही. सांगायचं एवढंच, की सही देतो पण कोर्टात, दोघांच्या सहीची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) टाकू, अटी लिहू, त्यावर कोर्टाची ऑर्डर होऊ दे, मग फॉर्मवर सही. नोटरीच्या कागदावर लिहिलेलं "वर्षातून दोनदा आणू" मोडलं तर तुम्ही नवीन भांडण उभं करणार, कोर्टाच्या ऑर्डरमधलं मोडलं तर तिला उत्तर द्यावं लागतं.

आता अटी. इथं जरा थांबून वाचा, कारण वकील लोक (माझ्यासकट सगळे घाईत असतात) जुना मसुदा काढतात, नाव बदलतात आणि देतात. सांगलीतल्या जोडप्यासाठी लिहिलेल्या अटी टोरांटोला चालत नाहीत. उदाहरणार्थ "मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी वडिलांकडे राहील". तिकडं मे महिन्यात शाळा चालू असते, सुट्टी लागते जूनच्या शेवटी आणि शाळा उघडते सप्टेंबरच्या सुरुवातीला. मे लिहिलंत की दरवर्षी उत्तर ठरलेलं, शाळा बुडते. म्हणून लिहायचं की मुलीच्या शाळेच्या उन्हाळी सुट्टीतले सलग अमुक आठवडे, भारतात, त्यातले निम्मे विट्याला वडिलांकडे मुक्कामी. गणपती त्या सुट्टीत बसला तर बसला, नाही तर नाही, त्यावर भांडत बसू नका.

व्हिडिओ कॉलचं पण तेच. २०२० च्या यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की भेटीशिवाय संपर्काचा हक्क पण महत्त्वाचा, लांब राहणाऱ्या पालकाला फोन, व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता आलं पाहिजे. हे दाखवून मागा, कोर्ट देतं. पण "आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल" एवढंच लिहिलंत तर भांडण लावून घेतलंत समजा. वार लिहा, वेळ लिहा, कुणाची वेळ ते लिहा. रविवारी भारतातले संध्याकाळचे ७ म्हणजे टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ, कारण ते लोक घड्याळ एक तास मागं-पुढं करतात. ७ ला तुमचं दुकान चालू असेल तर आत्ताच विचार करा, नंतर गिऱ्हाईक होतं म्हणून तीन रविवार कॉल उचलला नाही असं झालं की तिकडनं स्क्रीनशॉट जमा होतात. कॉल कुणाच्या फोनवर, मुलीला एकटीला बोलायला देणार का, चुकला तर बदली वेळ कधी, हे पण त्यातच. वाचायला चिल्लर वाटतं, पण मोडतं ते इथंच.

तिकिटाचा खर्च कुणाचा ते लिहा. पत्ता, फोन, शाळा बदलली तर किती दिवसात कळवायचं ते लिहा. शाळेचे रिपोर्ट आणि दवाखान्याची माहिती तुम्हाला थेट मिळावी हे लिहा. आणि सगळ्यात कामाची अट, जी बरेच जण विसरतात, इथल्या माणसाची हमी. आई परदेशात गेली की सांगलीच्या कोर्टाचा हात तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, पण तिचे वडील विश्रामबागलाच राहतात ना? त्यांनी कोर्टात हमीपत्र द्यायचं की ठरल्याप्रमाणे नातीला भारतात आणलं जाईल, न आणल्यास अमुक रक्कम. आजोबांची सही असली की पोरीला आणायची आठवण घरातनंच होते, तुम्हाला करून द्यावी लागत नाही.

मिरर ऑर्डर हा शब्द तुम्हाला कुणीतरी सांगेलच. म्हणजे इथल्या ऑर्डरसारखीच ऑर्डर तिकडच्या कोर्टाकडून घ्यायची. ऑन्टारिओच्या कायद्यात बाहेरच्या कोर्टाच्या ताब्याच्या ऑर्डरला मान्यता द्यायची तरतूद आहे, त्यामुळं मागायला हरकत नाही, आणि खर्च तिच्या बाजूनं करावा असंही मागा. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. पेरी कन्साग्रा केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टानं केनियातल्या बापाला ताबा दिला, केनियाच्या कोर्टाची मिरर ऑर्डर आणायची अट घातली, मुलगा तिकडं गेला, आणि बापानं अटी धाब्यावर बसवल्या. २०२१ ला सुप्रीम कोर्टाला स्वतःचाच निकाल मागं घ्यावा लागला. सुप्रीम कोर्टाचं हे, तर आपलं काय. म्हणून मी इथल्या हमीला जास्त किंमत देते.

आता तुम्हाला न आवडणारं बोलते. तुम्ही भलंमोठं लिहिलंय पण एक लिहिलं नाही, की या चार वर्षांत त्या दोन रविवारांपैकी किती रविवार तुम्ही खरंच गेलात. तमिळनाडूतनं महिन्याला दोन खेपा सोप्या नाहीत हे मला कळतं, पण समोरचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न हाच विचारणार. गेला असाल तर रेल्वेची तिकिटं, फोटो, व्हॉट्सॲपवरचं "पप्पा कधी येणार" हे सगळं गोळा करा, आणि मोबाइलमधला पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ च्या सर्टिफिकेटशिवाय देऊ नका. शाळेची फी यूपीआयनं भरली असेल तर स्टेटमेंट काढा, रोख दिली असेल तर अवघड आहे. गेला नसाल तर पुढच्या रविवारपासून जा, अर्ज टाकायची वाट बघू नका, आणि अर्जात उगीच "नियमित भेटत होतो" लिहू नका.

ताबा पूर्ण मागायचा म्हणता तर कोर्ट विचारेल, दुकान तमिळनाडूत, मुलगी राहणार कुठं? तिकडं नेणार तर शाळा, भाषा सगळं नवीन, मग कॅनडा नवीन आहे असं तुम्ही कसं म्हणणार. विट्याला आजीकडं ठेवणार तर मग बापाकडं नाही, आजीकडं ताबा दिल्यासारखं झालं. हे ऐकून वाईट वाटेल पण साहेबांच्या डोक्यात हेच चालतं.

पण याचीच दुसरी बाजू आहे आणि ती तुमच्या फार कामाची. आपल्याकडं बऱ्याचदा होतं काय, आई लग्न करून आधी एकटी जाते, "सेटल झाल्यावर मुलीला नेऊ" म्हणते, आणि पोरगी वर्ष-दोन वर्षं आईच्या आईवडिलांकडं राहते. असं होणार असेल तर तुमची केस एकदम बदलली. आई जवळ नाही आणि बाप असताना मूल आजोळी का, हा प्रश्न उभा राहतो. २०१९ च्या तेजस्विनी गौड केसमध्ये आई वारली होती, मूल मावशीकडं होतं, सुप्रीम कोर्टानं बापाकडं द्यायला सांगितलं. तुमच्या केसमध्ये आई हयात आहे, त्यामुळं जसंच्या तसं लागू होणार नाही, पण मधल्या काळातला ताबा मागायला ते जबरदस्त आहे. म्हणून अंतरिम अर्जातच मागा की आई कधी जाणार, मुलगी कधी जाणार, मधल्या काळात कुठं राहणार हे ॲफिडेव्हिटवर सांगा.

मुलीला साहेब चेंबरमध्ये बोलावून विचारतील, ८ वर्षांची आहे, बोलेल. १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे की मूल समजून मत देण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं. तिला पढवू नका. एका केसमध्ये साडेसात वर्षांच्या पोरानं चेंबरमध्ये अर्जातले मुद्दे क्रमानं म्हणून दाखवले, तिसऱ्यावर अडकलं, आणि जज मॅडमनी विचारलं की पुढचं काय सांगितलं होतं रे बाळा, तर म्हणालं थांबा, पप्पांनी लिहून दिलंय, आणि खिशातनं चिठ्ठी काढली. त्या बापाला भेटीचे तास जे होते ते पण काउन्सेलरसमोर बसून घ्यावे लागले.

नावाचं आणि दत्तकाचं. तुम्ही हयात आहात, तुमची संमती नसताना सावत्र बापाला मुलगी दत्तक घेता येत नाही, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम ९ प्रमाणं आईबापापैकी एकानं द्यायचं तर दुसऱ्याची संमती लागते. लोक २०२२ चा अकेला ललिता निकाल दाखवतील की आईला आडनाव ठरवायचा हक्क दिलाय, पण तिथं बाप वारलेला होता. तरी पण अटींमध्ये एक ओळ घाला, की मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव कुठल्याही कागदावर कोर्टाच्या परवानगीशिवाय बदलणार नाही. शाळेच्या दाखल्यापासून सुरुवात होते, नंतर निस्तरायला जड जातं.

आणि पैसे थांबवू नका. बायकोचं दुसरं लग्न झालं की तिची पोटगी असली तर ती बदलून मागता येते, मुलीच्या खर्चाची जबाबदारी मात्र तुमचीच राहते. "आता तो बघेल" असा मेसेज रागात सुद्धा पाठवू नका, मी असे मेसेज कोर्टात पुरावा म्हणून एक्झिबिट झालेले बघितलेत. २०२१ ला मुलीच्या नावावर एकरकमी काही ठेवलं असेल तर त्या एफडीची पावती काढा, पालक म्हणून सही कुणाची आहे बघा, ती मोडून तिकिटं काढली जाऊ नयेत हे पण अर्जात टाकता येतं.

वकिलाकडं जाताना डिक्री आणि कन्सेंट टर्म्सची सर्टिफाइड कॉपी, मुलीचा जन्मदाखला, शाळेचं नाव, आणि लग्नाची तारीख कळली असेल तर ती. तारीख महिन्यावर आली असेल तर अंतरिम अर्जासोबत तातडीचा अर्ज द्या आणि त्याच दिवशी तोंडी विनंती करायला लावा, नोटीस निघून ती बजावून यायची वाट बघण्यात लग्न होऊन जाईल.